'स्मृतिभ्रंश' ही संज्ञा आणि स्मृती न हरपणारा रोग

'डिमेन्शिया' या रोगवाचक शब्दाला मराठीत 'स्मृतिभ्रंश' हा प्रतिशब्द वृत्तपत्रांतून, आरोग्यविषयक पुस्तिकांतून आणि रोजच्या बोलण्यातून आता इतका रूढ झाला आहे की, तो केवळ प्रतिशब्द आहे, रोगाची व्याख्या नव्हे, याचा विसर पडावा. मूळ लॅटिन शब्दात स्मृतीचा उल्लेखही नाही; मनापासून ढळणे, एवढाच त्याचा अर्थ. हिंदीने 'मनोभ्रंश' हा शब्द पत्करला. मराठीने मात्र मनाच्या अनेक व्यापारांपैकी एक व्यापार निवडला आणि त्याचे नाव साऱ्या रोगसमूहाला दिले. अल्झायमरच्या रोगापुरती ही निवड फारशी चुकीची ठरत नाही, कारण त्या रोगाचा आरंभ बहुधा विसरण्यापासूनच होतो. परंतु याच समूहात असा एक रोग आहे की, ज्यात रोग्याला काल काय जेवलो, कोणाचे किती देणे आहे, शेताचा गट क्रमांक कोणता, हे सारे आठवत असते, आणि तरीही घरच्यांना तो पूर्वीचा माणूस वाटत नाही. मेंदूचे कपाळामागील व कानशिलांमागील खंड झिजल्यामुळे होणारा हा रोग 'फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया' या नावाने ओळखला जातो. त्याच्या काही रोग्यांत पुढेमागे हातापायांचे आणि जिभेचे स्नायू वाळू लागतात, म्हणजे प्रेरक चेतापेशींचा विकार, ज्याला 'मोटर न्यूरॉन डिसीज' म्हणतात, तो त्यात मिसळतो. कधी क्रम उलटा असतो. हात आधी लुळा पडतो आणि वागणे नंतर बिघडते. या दोहोंच्या संयोगाला 'स्मृतिभ्रंश' म्हणणे म्हणजे ज्या वाड्यात एक माजघर तेवढे शाबूत उरले आहे, त्याचे माजघर कोसळल्याची वार्ता देण्यासारखे आहे.

संज्ञा कशी आहे हे पाहावयाचे तर ती जेथे वापरावी लागते तेथे जाऊन पाहिले पाहिजे. महानगरातील तज्ज्ञ आपसांत इंग्रजी नावानेच काम भागवितात. प्रतिशब्दाची खरी गरज तालुक्याच्या गावी भासते. तेथे डॉक्टरला रोग्याच्या बायकोशी मराठीतच बोलावे लागते आणि तिला पुढे सासरी-माहेरी त्याच शब्दांत सांगावे लागते. मेढा हे असे गाव आहे. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण वेण्णेच्या काठी वसले आहे, आणि डोंगराच्या एका रांगेपलीकडे, कृष्णेच्या खोऱ्यात, वाई आहे. त्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये बाहेर पडला. म्हणजे शास्त्रीय मराठीची टाकसाळ आणि त्या नाण्यांनी व्यवहार करणारा बाजार यांत येथे एका डोंगराचेच अंतर आहे. (गावाच्या नावात 'मेधा' हा शब्द पाहण्याचा मोह अशा विषयात सहज होईल, तो आवरलेला बरा.)

प्रथम रोगाविषयी. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६९ पासून स्नायूंची झीज आणि मज्जारज्जूच्या कडेच्या तंतूंचे काठिण्य यांची सांगड घातली आणि १८७४ मध्ये त्या रोगाला नाव दिले. प्राग येथे आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये हळूहळू वाचा गमावत गेलेल्या एका वृद्धाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मेंदूचा कानशिलामागील भाग आक्रसलेला होता. पहिला रोग मज्जासंस्थेच्या वैद्यांकडे गेला, दुसरा मनोरुग्णालयाकडे. आणि मग शंभर वर्षे दोन्ही विद्याशाखांनी एकमेकींच्या दालनात फारसे डोकावून पाहिले नाही. स्नायू वाळले तरी बुद्धी अखेरपर्यंत निर्मळ राहते, हे वाक्य एका पाठ्यपुस्तकातून दुसऱ्यात जवळजवळ जसेच्या तसे उतरत राहिले. स्टीफन हॉकिंग यांचे चरित्र या समजुतीला फार पोषक ठरले. १९६३ मध्ये रोगाचे निदान झाल्यावर ते २०१८ पर्यंत जगले, आणि निश्चल देहात तळपणारी प्रज्ञा हे चित्र जगाच्या मनावर कोरले गेले. ते चित्र त्यांच्यापुरते खरेच होते. मात्र त्यांचा रोग ज्या संथ गतीने गेला ती गतीच इतकी विरळा आहे की, त्यावरून सामान्य नियम काढणे गैर होते.

विरुद्ध पुरावा नव्हता असे नाही. जपानमध्ये मित्सुयामा यांनी १९७९ मध्ये अकाली बुद्धिऱ्हास आणि प्रेरक चेतापेशींचा विकार एकत्र असलेल्या रोग्यांचा एक स्वतंत्र गट मांडला. मँचेस्टर येथे नियरी, स्नोडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तशाच रोग्यांचे बारकाईने वर्णन केले. तरी हे अपवाद मानले गेले. २००६ मध्ये नॉयमान व इतर संशोधकांनी दाखवून दिले की, 'टीडीपी-४३' नावाचे एक प्रथिन दोन्ही रोगांत पेशीच्या केंद्रकातून बाहेर येऊन तिच्या द्रवात गोळ्यांच्या रूपाने साचते. प्रेरक चेतापेशींच्या विकारात हे जवळजवळ सर्वच रोग्यांत दिसते, तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या सुमारे निम्म्या रोग्यांत. २०११ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी नवव्या गुणसूत्रावरील 'सी-९-ओआरएफ-७२' या जनुकातील दोष एकाच वेळी प्रसिद्ध केला. सहा अक्षरांचा एक तुकडा निरोगी माणसात थोड्या वेळा, तर या रोग्यांत शेकडो किंवा हजारो वेळा पुनरावृत्त झालेला असतो. या दोषाने एकाच घरात एका भावाचा हात लुळा पडावा आणि दुसऱ्याचा स्वभाव पालटावा, असे घडते. युरोपात हा दोष पुष्कळ आढळतो, जपान व चीन येथे विरळा. आणि बहुसंख्य रोग्यांच्या घराण्यात पूर्वी कोणालाही रोग झालेला नसतो, हेही विसरून चालणार नाही. आजचा हिशेब साधारण असा सांगितला जातो : प्रेरक चेतापेशींच्या विकाराच्या रोग्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांत विचारात किंवा वागण्यात काही ना काही बदल आढळतो आणि दर शंभरांत दहा-पंधरा जणांत पूर्ण विकसित फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असतो, उलट बाजूनेही सुमारे तितक्याच प्रमाणात स्नायूंचा रोग येऊन मिळतो. दोन्ही एकत्र आले की आयुष्य साधारण दोन ते तीन वर्षांचे उरते.

मेढ्याच्या परिसरातील वाचकाला यासाठी दृष्टान्त दूर शोधावयास नको. कृष्णा आणि वेण्णा महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावतात, डोंगराच्या दोन अंगांनी वाहतात आणि माहुलीस एक होतात. वाईच्या घाटावर बसलेल्याला कृष्णाच दिसते व मेढ्याच्या पुलावरून जाणाऱ्याला वेण्णाच, म्हणून पाणी दोन ठरत नाही. दृष्टान्ताची मर्यादा अशी की, नद्यांचा संगम निश्चित आहे. येथे अनेक रोग्यांच्या बाबतीत तो कधीच होत नाही. शिवाय शरीररचनाच अशी आहे की, या दोन रोगांची फारकत मुळातच कृत्रिम होती. हात हलविण्याची आज्ञा जेथून निघते तो मेंदूचा पट्टा कपाळामागील खंडाच्याच मागच्या कडेला आहे. त्याच खंडाचा पुढचा भाग वागण्याला लगाम घालतो.

आता हा रोग जावळीच्या एखाद्या गावी कसा दिसेल याची कल्पना करून पाहावी. या तालुक्यातील कितीतरी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या आणि पुढे नवी मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून राबत आले. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या पाठीवरच्या ओझ्यातून निघाला त्यांत हे लोक होते. समजा, पन्नाशी उलटलेला असा एक गृहस्थ गावी परतला आहे. आयुष्यभर तो मोजके बोलणारा, देण्याघेण्यात चोख. हळूहळू तो व्याह्यांसमोर अचकट-विचकट बोलू लागतो. सख्ख्या भावाच्या मयताला जातो आणि तेथे जेवण कधी मिळणार असे विचारतो. गुळाचा खडा, पेढे, जे गोड दिसेल ते ओरबाडून खातो. रोज ठराविक वेळी एस. टी. स्थानकापर्यंत जाऊन परत येतो, पाऊस असो वा ऊन, आणि कारण विचारले तर हसतो. बायको आजारी पडली तर तिच्याकडे पाहत नाही. सहा महिन्यांनी त्याच्या हातून कप निसटू लागतो, सदऱ्याचे बुताम लागत नाही. पुढे जीभ जड होते, शब्द घोटाळतात, पाय लटपटतात, आणि तो मध्येच रडू लागतो किंवा हसू लागतो.

या वर्णनावर गाव काय म्हणेल? कमरेखालचे बोलणे, पैशाचा बेहिशेब, अडखळती जीभ, लटपटते पाय, उगाच रडणे-हसणे ही सारी लक्षणे लोकांच्या परिचयाची आहेत, आणि त्यांचे कारणही परिचयाचे आहे. ज्या तालुक्यातील स्त्रियांनी या शतकात मतपेटीतून 'आडवी बाटली'चा कौल देऊन दारूची दुकाने बंद करविली, त्या तालुक्यात तर हे कारण शोधण्यास क्षणही लागणार नाही. रोगाचे दोन अर्धे एकत्र आले की, ते मद्यपी माणसाचे जवळजवळ हुबेहूब सोंग घेतात. एक अर्धा त्याची वाणी व चाल उचलतो, दुसरा त्याचे शील. थेंबही न घेतलेला माणूस चोरून घेतो म्हणून ठरतो, आणि त्याने नाही म्हटले तर ते खोटे बोलण्यात जमा होते. बायकोला हे पटणे भाग पडते, कारण दुसरा पर्याय तिला याहून भयंकर वाटतो : पंचवीस वर्षांच्या संसारानंतर हा माणूस मुळातच असा होता.

लोकभाषेत या अवस्थेला शब्द नाहीत असे मात्र नव्हे, आणि या ठिकाणी विद्वानांपेक्षा लोकांची नजर अधिक तीक्ष्ण होती असे कबूल करावे लागते. 'म्हातारचळ' हा शब्द विसरण्याविषयी काही बोलत नाही. तो वागण्याला चळलेले म्हणतो. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण स्मृतीला सोडून थेट बुद्धीकडे बोट दाखविते. अर्धांगासाठी 'अंगावरून वारे जाणे' आहे, आणि अकस्मात स्वभाव पालटला तर 'बाहेरचे' आहेच. या शब्दांचे दोष वेगळे आहेत. पहिले दोन वयाशी बांधलेले आहेत, आणि हा रोग पुष्कळदा पंचेचाळीस ते पासष्टच्या दरम्यान, म्हणजे कर्त्या वयात गाठतो. पन्नाशीतल्या माणसाला म्हातारचळ लागला असे कोणी म्हणत नाही, त्याला लाज सोडलेला म्हणतात. 'वारे' एका झटक्यात जाते. येथे तर महिन्यामागून महिने एकेक स्नायू सुटत जातो. आणि चळ व वारे या दोन शब्दांत काही नाते असू शकेल ही शक्यता भाषेने कधी हाताळलीच नाही.

'स्मृतिभ्रंश' या शब्दाची घडण जुन्या परंपरेला धरून आहे हे खरे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसिद्ध उतरंडीत क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा भ्रम, त्यातून बुद्धीचा नाश आणि मग सर्वनाश, असा क्रम आहे; सुशिक्षित मराठी माणसाच्या कानात तो मुरलेला आहे. पण त्या क्रमावरील शंकराचार्यांचे भाष्य पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. तेथे स्मृती म्हणजे शास्त्र व आचार्य यांच्या उपदेशाने मनावर उमटलेल्या संस्कारांची आठवण. तारीख-वार किंवा नातवाचे नाव यांची नव्हे. आणि बुद्धिनाश म्हणजे काय करावे व काय करू नये याचा विवेक करण्याची अंतःकरणाची अपात्रता. मयताच्या घरी जेवणाची चौकशी करणाऱ्या माणसाचे याहून नेमके वर्णन आधुनिक वैद्यकानेही केलेले नाही. म्हणजे शब्द शोधावयास दूर जाण्याचे कारण नव्हते. मराठीने त्या उतरंडीतील एक पायरी वर थांबून शब्द उचलला, आणि तोही त्याचा अर्थ पातळ करून. या रोगापुरता 'विवेकभ्रंश' असा शब्द वापरला असता तर निदान रोग्याच्या बायकोला चुकीच्या जागी शोध घ्यावा लागला नसता. त्या शब्दालाही नीतीचा वास येतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो वास धुऊन काढणे हे वापराचे काम आहे, घडणीचे नव्हे.

शब्दापेक्षाही कथेचा पगडा मोठा असतो. सज्जन माणूस पालटतो, हे मराठी प्रेक्षकाने ज्या नाटकात सर्वांत खोलवर अनुभवले ते गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. सुधाकराच्या अधःपाताला आरंभ आहे : न्यायालयातील अपमान, सनद जाणे, मानी स्वभावाला बसलेला डंख, तळीरामाने पुढे केलेला प्याला. प्रेक्षक त्या पायऱ्या मोजू शकतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला वाटत राहते की, येथे हा परत फिरू शकला असता. शोकान्तिकेची सारी ताकद या 'शकला असता'त आहे. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकरांचे मन सैरभैर होते, पण त्यालाही कृतघ्नतेचे कारण आहे, आणि त्या सैरभैर मनाला भाषा मात्र सोडून जात नाही. उलट दुःख जितके वाढते तितकी वाणी भरून येते. या दोन नाटकांनी शंभर वर्षांच्या मराठी संवेदनेला शिकविले की, चारित्र्याच्या बदलामागे एक घटना असते आणि दुःखाला शब्द असतात. प्रस्तुत रोगात दोन्ही नसतात. कोणताही अपमान झालेला नसतो, कोणताही प्याला पुढे केलेला नसतो. आणि भाषा दुःखाने भरून येण्याऐवजी आतून पोखरली जाते. अशा माणसाला रंगभूमीवर आणले तर प्रेक्षक अनवधानाने त्याच्यासाठी प्याला शोधू लागेल. मेढ्याची वस्ती त्या प्रेक्षकाहून निराळी नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटाने यापुढचे पाऊल टाकले. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री अल्झायमरने ग्रासले आहेत. हत्तीच्या ओढीने ते वाट चुकतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पडतात. त्या माहुताच्या कन्नड बोलणाऱ्या बायकोला, चन्नम्माला, ते आई समजतात. भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि अभिनयातील संयमात ते दिसते. कारणावाचून होणारा पालट मराठी कलाकृतीने येथे मान्य केला, ही लहान गोष्ट नव्हे. येथे कोणी दोषी नाही. शीर्षकातच स्वीकार आहे. तथापि ज्या आधारावर हा स्वीकार शक्य होतो तो आधार तपासला पाहिजे. शास्त्रीबुवांची स्मृती जाते, पण गोडवा राहतो. विद्वत्तेची पुटे गळून पडल्यावर आत एक मूल सापडते, आणि मुलावर माया करणे चन्नम्माला, तसेच प्रेक्षकाला, अवघड नाही. ज्ञानापलीकडचे शुद्ध मन ही आपल्या अध्यात्मपरंपरेतील ओळखीची कल्पना चित्रपटाच्या मदतीला धावते. पण ज्या रोगात आरंभीच करुणा आटते, ज्यात पुटे गळून पडल्यावर आत मूल न सापडता एक निर्विकार खादाडी सापडते, त्या रोग्यावर चन्नम्माने माया केली असती काय? हा चित्रपटाचा दोष नव्हे. त्याने दुसऱ्या रोगाची कथा सांगितली आहे. दोष आहे तो त्या कथेलाच साऱ्या समूहाची कथा मानणाऱ्या रसिकतेचा. विसरणाऱ्याबद्दलची सहानुभूती तिने आत्मसात केली. न विसरणाऱ्या पण न कळवळणाऱ्या रोग्याची वेळ आली की, ती पुन्हा सुधाकराकडे वळते.

रसशास्त्राच्या दृष्टीनेही या रोगात एक मोठे वैचित्र्य आहे. नाट्यशास्त्राने स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय हे आठ सात्त्विक भाव सांगितले. ते ठरवून आणता येत नाहीत, म्हणून आतल्या भावाची ती सर्वांत विश्वसनीय खूण. रोजच्या जीवनातही माणसे याच विश्वासावर एकमेकांना ओळखतात. प्रेरक चेतापेशींच्या विकारात मेंदूकडून खाली येणारे नियंत्रण सुटले की, रोगी यत्किंचित निमित्ताने किंवा निमित्तावाचून हुंदके देऊ लागतो. विचारले तर आपल्याला दुःख झालेले नाही असे सांगतो. उलट विवेक झिजलेल्या रोग्याला भावाच्या चितेपाशी अश्रू येत नाहीत. दोन्ही रोग एका देहात आले की, भावावाचून अनुभाव आणि जेथे भाव हवा तेथे शून्य, अशी उलटापालट होते. शेजारी त्या हुंदक्यांत पश्चात्ताप वाचतात आणि त्या कोरड्या डोळ्यांत पाषाणहृदय. दोन्ही वाचने चुकीची, पण ती रसिकतेच्या चुकीमुळे झालेली नाहीत; हजारो वर्षे बरोबर ठरलेल्या नियमाचा येथे अपवाद आहे आणि तो सांगणारे कोणी नाही.

याचे व्यवहारातील परिणाम गंभीर आहेत. तालुक्याच्या गावी माणसाची शुद्ध पाहण्याचा प्रघात असा की, त्याला नाव, गाव, वार, तारीख विचारावी. फोल्स्टीन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि जगभर रूढ झालेल्या तीस गुणांच्या चाचणीतही स्थळकाळाच्या भानाला दहा गुण आहेत आणि शब्द ऐकून ध्यानात ठेवण्याला सहा. आपला काल्पनिक गृहस्थ या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होईल. त्याच दिवशी तो कोणा हितचिंतकाच्या सांगण्यावरून वडिलार्जित जमिनीच्या खरेदीखतावर अंगठा देईल, कारण सही करण्याची ताकद बोटांत उरलेली नाही. आणि अंगठ्याचे कारण कोणी विचारणार नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे बारावे कलम या बाबतीत आश्चर्य वाटावे इतके शहाणे आहे. मन सुदृढ असण्यासाठी ते स्मरणशक्ती मागत नाही. करार समजणे आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने निर्णय करता येणे, एवढेच मागते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने विवेकावर ठेवलेले बोट मराठी संज्ञेने स्मृतीवर सरकविले.

हाच प्रश्न रुग्णालयात अधिक निकडीने उभा राहतो. गिळणे अशक्य झाल्यावर पोटात नळी बसवावी काय, श्वास अपुरा पडू लागल्यावर यंत्र लावावे काय, हे निर्णय रोग्याने स्वतः घ्यावेत अशी वैद्यकाची भूमिका, आणि ती योग्यच. स्नायूंच्या रोगात बुद्धी निर्मळ असते या जुन्या वाक्यावर विसंबून डॉक्टर खाटेवरच्या माणसाला विचारतात. तो 'नको' म्हणतो. हे 'नको' मरणाचा विचार करून आलेले आहे, की कशातच रस न उरल्यामुळे, हे घरच्यांना विचारल्यावाचून कळणार नाही. एडिंबरो येथे तयार होऊन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी यासाठीच उपयोगी आहे. ती दुबळ्या हाताची व जड जिभेची सवलत रोग्याला देते आणि त्याच्या वागण्याविषयी निकटच्या माणसाला स्वतंत्रपणे प्रश्न विचारते. औषधाच्या बाजूने सांगण्यासारखे थोडेच आहे. १९९५ पासून वापरात असलेले रिलुझोल आयुष्य काही महिन्यांनी वाढविते. शीलावर त्याचा उतारा चालत नाही. म्हणूनच बायकोला वेळेवर नेमके काय सांगितले गेले, याला या रोगात औषधाइतकी किंमत येते.

भाषेच्या अभ्यासकाला या रोगात आणखी एक गोष्ट खुणावते, आणि मराठी विभागांनी ती वैद्यकावर सोडून देऊ नये. केंब्रिज येथे थॉमस बाक, जॉन हॉजेस व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये असे दाखविले की, प्रेरक चेतापेशींचा विकार, बुद्धिऱ्हास आणि वाचादोष एकत्र असलेल्या रोग्यांत नामांपेक्षा क्रियापदे अधिक ढासळतात. वस्तूचे नाव येते, कृतीचे येत नाही. ज्याच्या हातून कृती जात आहे, त्याच्या भाषेतून कृतीचा शब्दही जावा! यास्काने नामात सत्त्व प्रधान व आख्यातात भाव प्रधान, असा भेद केला तो पदांच्या वर्गीकरणासाठी. तो भेद मेंदूच्या रचनेतही कोठे तरी आहे, असे या निरीक्षणावरून दिसते.

मराठीत ही झीज कशी प्रकट होईल हे इंग्रजीवरून ठरविता येणार नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि लिंग, वचन, पुरुष यांचा भार तेच वाहते. तेव्हा वाक्य शेवटी लोंबकळत राहणे हे रोगाचे पहिले चिन्ह असू शकेल. दुसरीकडे मराठीत नामाला 'करणे' जोडून क्रिया साधण्याची मोठी सोय आहे. काम करणे, साफ करणे, गोळा करणे, असे म्हणत रोगी आपली हानी पुष्कळ काळ झाकू शकेल, आणि शहरी बोलीत तर ती झाकली जाण्याचा संभव अधिक, कारण तेथे निरोगी माणसेही असेच बोलतात. वेण्णेच्या खोऱ्यातील भात पिकविणाऱ्या माणसाची भाषा तशी नाही. तिच्यात चिखलणे, लावणे, खुरपणे, कापणे, झोडपणे, उफणणे, पाखडणे, कांडणे, प्रत्येक कामाला आपले क्रियापद आहे, आणि ते तेथील माणसाच्या हातात जितके मुरलेले तितकेच जिभेवर. सूप दाखविल्यावर 'सूप' म्हणणारी व्यक्ती त्याचे काय करतात या प्रश्नावर 'ते करतात' एवढेच म्हणून थांबली, तर मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेलाही काही तरी कळण्यासारखे आहे. त्यासाठी तिच्या हातात जो चित्रसंच द्यावयाचा, त्यात टायपिंग करणारा माणूस आणि स्केटिंग करणारी मुलगी नसावी. दाराशी बसून तांदूळ पाखडणारी बाई असावी.